सूर्यास्तापर्यंत उसनी घेतलेली नळी

नब्क, रमजानचा सहावा दिवस

आदरणीय नझीहभाऊ यांस,

तुमच्या धाकट्या बहिणीचा नवरा मुनीब पिंजारी याचा सप्रेम सलाम वि. वि. (वयानं मी तुमच्याहून दोन वर्षांनी थोरला आहे, पण बायकोच्या थोरल्या भावापुढं वयाचं काही चालत नाही, म्हणून सलाम मीच आधी करतो.) तुमचा गुडघा कसा आहे? मागच्या पत्रात डावा दुखतो असं होतं, त्याच्या आधीच्या पत्रात उजवा होता. दोन्ही आलटून पालटून दुखत असतील तर काळजी नको, एक तरी कायम रजेवर असतो. वहिनी गेल्याला चार वर्षं झाली. जेवण वेळेवर करता का? की अजून उभ्या उभ्या पावाचा तुकडा मोडून मोकळे होता? तुमची बहीण वदाद रोज इफ्तारला बसली की पहिल्या घासाला तुमचं नाव काढते आणि दुसऱ्या घासाला माझा उद्धार करते. तुमच्या साता समुद्रापलीकडच्या तुकुमानला आता भर उन्हाळा असेल. इकडं नळ गोठलेत, आणि हे पत्र तुम्ही पंख्याखाली बसून वाचणार. देवाची वाटणी, आपण काय बोलणार!

इकडं सगळं ठीक आहे असं लिहायची रीत आहे. तेव्हा सगळं ठीक आहे. फक्त तुमची बहीण आणि उम्म गियास पाच दिवस झाले एकमेकींशी बोलत नाहीत. उम्म गियास म्हणजे तुमच्या जुन्या गल्लीतली नजवा. (तुम्हाला आठवते की नाही कोण जाणे. तुम्ही आगबोटीत बसलात तेव्हा ती सोळा-सतराची असेल, गुडघ्यापर्यंत वेणी. वदाद म्हणते, भाऊला चांगली आठवत असेल. का, ते सांगत नाही.) माहेरी दोघी एका गल्लीत वाढल्या, लग्न होऊन एका भिंतीच्या दोन बाजूंना आल्या, तिचा नवरा अबू गियास देवाघरी गेल्याला नऊ वर्षं झाली तेव्हापासून तर ती बाई आमच्याच घरात जास्त असते. चाळीस वर्षं दोघी ईदचे मामूल एकाच परातीत मळत आल्या. एकीनं रवा चोळायचा, दुसरीनं खजूर भरायचा. यंदा वदाद म्हणते, मी एकटी करीन. नझीहभाऊ, तुमच्या बहिणीला खजूर भरता येत नाही. हे आम्ही चाळीस वर्षं लपवून ठेवलंय. पण माझा जीव मामूलसाठी तुटत नाही. भिंतीपलीकडं ती बाई एकटी रोजा सोडते, आणि तिच्या ताटलीचा आवाज इकडं ऐकू येतो. आणि हे सगळं माझ्यामुळं झालंय, जे माझ्याखेरीज कुणाला ठाऊक नाही. आता नीट बसा, मुळापासून सांगतो.

यंदा डिझेलची गाडी महिनाभर गावात फिरकली नाही. आमच्याकडच्या शेगड्या तुम्हाला ठाऊकच आहेत. मागं टाकी, टाकीला तोटी, तोटीतून थेंब थेंब डिझेल खालच्या लोखंडी वाटीत पडणार आणि वाटी जळत राहणार, वर किटली, किटलीशेजारी संत्र्याच्या साली, भोवती आपण. ती विझली की घर म्हणजे नुसत्या चार भिंती. आम्ही रजया पांघरून बसलो. (चाळीस वर्षं लोकांच्या रजया पिंजून भरल्या, पण स्वतःच्या घरात पुरेशा नाहीत. ते पुराण वदादच्या तोंडून ऐकावं.) तेव्हा माझ्या डोक्यात आलं, जळायला डिझेलच कशाला? कोपऱ्यावरचा फलाफलवाला अबू दआस रोज डबाभर जळकं तेल गटारात ओततो. तेल ते तेल. ज्या तेलात फलाफल तळून निघतं त्यात आम्ही का शेकून निघू नये? अबू दआसला विचारलं, तर म्हणाला, “काका, न्या हो, गटार तुमचे पाय धरील.” आणि पंधरा किलोचा तुपाचा डबा काठोकाठ भरून दिला.

आता बर्नर बनवणं हे पत्र्याचं काम करणाऱ्या शुक्रीचं काम, पिंजाऱ्याचं नव्हे, हे मला शुक्रीनंच सांगितलं. त्याची पक्कड उसनी मागायला गेलो तर भर बाजारात मला म्हणाला, “अबू सफवान, तुम्ही गादी भरा. आग भरू नका, ती उसवली की टाका घालता येत नाही.” मला राग आला. माणूस शाळेत गेला नाही म्हणून त्याला अक्कल नसते काय? मी घड्याळं उघडून शिकलो, रेडिओ उघडून शिकलो. (ते परत मिटले नाहीत हा वेगळा मुद्दा.) पहिला बर्नर मी माझ्या विद्येप्रमाणं केला, म्हणजे कापसाचा. पिंजाऱ्याला दुसरं काय सुचणार? मनगटाएवढी वात वळली, तेलात बुडवली, वाटीत उभी केली आणि पेटवली. ती पेटली हो! छताला जाऊन भेटून आली. जाताना माझी अर्धी मिशी घेऊन गेली. उरलेली अर्धी मी काढून टाकली, तर मशिदीत शेजारच्या माणसानं मला विचारलं, पाव्हणे कुठले?

दुसरा बर्नर वातीविना, नुसत्या तोटीचा. जळकं तेल थंडीत तुपासारखं थिजतं, म्हणून टाकी धुराड्याला चिकटवून बसवली, तर तेल छान पातळ झालं. (ही युक्ती माझी स्वतःची आहे, तिकडं कुणाला सांगितलीत तर नाव सांगा.) पण फलाफलच्या तेलात फलाफलचा चुरा असतो. दहा थेंब पडले की तोटीत चण्याचा कण अडकायचा, शेगडी उचकी लागल्यासारखी करायची आणि विझायची. फडक्यातून गाळलं, चहाच्या गाळणीतून गाळलं, शेवटी वदादच्या पायमोज्यातून गाळलं. (हे तिला अजून ठाऊक नाही. तिला वाटतं मोजा धोब्याकडं हरवला.) मला हवी होती अशी नळी जी एका टोकाला गाळील, दुसऱ्या टोकाला ठिबकेल, आणि विस्तवाजवळ वितळणार नाही. महिनाभर मी अशा नळीचं स्वप्न बघत होतो. आणि रमजानआधीच्या शाबानच्या शेवटच्या दिवशी दुपारी ती माझ्यासमोर तुमच्या बहिणीच्या तोंडात होती.

मत्ते! तुम्ही लोकांनी तिकडून लावून दिलेलं हे हिरव्या पाल्याचं व्यसन. वदाद आणि उम्म गियास शेगडीशी बसून एकाच पेल्यातून आलटून पालटून मत्ते ओढत होत्या. एकीचं झालं की नळी लिंबाच्या सालीनं पुसायची, गरम पाणी ओतायचं, दुसरीला द्यायची. आणि नळी कुठली? तुम्ही आमच्या लग्नाला पाठवलेली चांदीची. खाली भोकाभोकांची गाठ, पाला बाहेर ठेवते आणि पाणी आत घेते. वर ओठाशी सोन्याचं कडं, गाठीवर तुकुमानच्या सोनाराचा शिक्का, इवलासा पक्षी. नझीहभाऊ, मी ती गाठ बघितली आणि मला चण्याचा चुरा दिसला. बाहेर अडकलेला.

आता माझी बाजू ऐका. मी चोर नाही. मी हिशेबानं वागलो. दुसऱ्या दिवसापासून रोजे. म्हणजे पहाटेपासून सूर्य मावळेपर्यंत घरात कुणीही काहीही पिणार नाही. म्हणजे तेवढा वेळ ती नळी वदादच्या पेटीत नुसती पडून राहणार. म्हणजे तेवढ्यापुरती ती घेतली तर कुणाचं काय गेलं? सूर्यास्ताला रोजा सुटल्याची तोफ व्हायच्या आधी काढायची, लिंबानं पुसायची, जागच्या जागी. रमजान नसता तर मला हे सुचलंच नसतं, असं म्हटलं तर पाप लागेल, म्हणून म्हणत नाही. पहाटेचं जेवण झालं, वदाद पुन्हा आडवी झाली, आणि मी नळीची गाठ टाकीत सोडली, सोन्याचं कडं वाटीवर आणलं. सांध्यातून तेल झिरपत होतं. हाताशी पाव करायची भिजवलेली कणीक होती. तीच लिंपली.

भाऊ, काय जळाली म्हणता! निळी ज्योत, काजळी नाही, उचकी नाही. थेंबामागून थेंब, तसबीहचे मणी ओढल्यासारखे. दुपारपर्यंत घर असं तापलं की वदादनं शाल काढली, मग स्वेटर काढला, मग मला म्हणाली, “अबू सफवान, ताप आहे का मला?” मी म्हणालो, ही माझी शेगडी आहे. तिनं चाळीस वर्षांत पहिल्यांदा माझ्याकडं तशा नजरेनं बघितलं, जशी ती नव्या प्रेशर कुकरकडं बघते.

एकच गोष्ट मी धरली नव्हती. फलाफलचं तेल जळलं की फलाफलचाच वास येतो. आणि आमचं धुराडं गल्लीत उघडतं. आणि ती वेळ रोज्याची, दुपारी साडेतीनची, जेव्हा माणसाला स्वतःच्या चपलेचाही वास चवदार लागतो. गल्लीत माणसं थांबायला लागली. नुसती थांबायची, डोळे मिटून. वरच्या आळीचे हाजी तर आमच्या दाराला टेकून रडले. शेखसाहेबांनी निरोप पाठवला की, अबू सफवान, तुमचं धुराडं नेमकं मशिदीच्या किब्ल्याच्या बाजूला, म्हणजे नमाजात तोंड असतं तिकडंच येतं, लोक दुपारच्या अस्रच्या नमाजला जरा जास्तच तल्लीन होऊन उभे राहतात, तेव्हा एकतर शेगडी विझवा नाहीतर संध्याकाळी सर्वांना खायला घाला. अबू दआसच्या दुकानापुढं सूर्यास्ताआधीच रांग लागली, त्यानं खूश होऊन तेलाचा दुसरा डबा पाठवला. म्हणजे जाहिरात माझी, गल्ला त्याचा, आणि शिव्यांचा धनी मी.

या गडबडीत सूर्य खाली आला. मी घाईनं शेगडी विझवली, चिमट्यानं नळी ओढली. हलेना. कणीक दिवसभर भाजून भाजून दगड झाली होती. खऱ्या पावाला असा कडकपणा आला असता तर किल्ले बांधले असते. मी ओढतोय, ओढतोय, आणि तोफ झाली. खजूर, सूप, नमाज, आणि वदादनं पेटी उघडली.

पेटीत नळी नाही. आदल्या दिवशी शेवटची कुणी पुसली होती? उम्म गियासनं. वदादनं अगदी साधं विचारलं, “नजवा, तू कुठं ठेवलीस गं?” उम्म गियासही साधंच म्हणाली, “मी कशाला ठेवू? तुझी पेटी, तुझी किल्ली.” मग वदाद म्हणाली, “तुझ्या ओढणीला नाही ना अडकून गेली?” मग उम्म गियास म्हणाली, “माझी ओढणी आहे, कोळ्याचं जाळं नाही.” तिथून जे उघडलं ते चाळीस वर्षांचं कोठार. मोठ्या बर्फाच्या वर्षी नेलेली चाळण निघाली. आमचा सफवान जन्मला तेव्हा कुणी कुणाचं सूप आळणी म्हटलं होतं ते निघालं. शेवटी उम्म गियास उठली, चपला हातात घेतल्या (पायात नाही, हातात, यावरनं राग ओळखा) आणि दारात म्हणाली, “वदाद, ती नळी कुणी पाठवली होती ते मला ठाऊक नाही असं समजू नकोस. ती मी चोरीन?” आणि रडत गेली. मी त्या वेळी काय करत होतो? शेगडीला पाठ लावून उभा होतो, नळी झाकून. पाठ भाजली तरी हललो नाही. (रात्री नळीपुढं पत्र्याचा तुकडा उभा केला.) चोराच्या मनात चांदणं म्हणतात, माझ्या तर पाठीला फोड आले.

त्याच वेळी बोलायला हवं होतं. पण एक दिवस गेला की खोटं कणकेसारखं होतं, तापत जातं, घट्ट होत जातं. आता पाच दिवस झाले. तरी माझी एकच विनंती. तुम्ही बहिणीला एक पत्र लिहा. नळीचा उल्लेख नको. नुसतं शेजारधर्म, क्षमा, वस्तूपेक्षा माणूस मोठं, असं काहीतरी थोरल्या भावाला शोभेल असं. तुमचा शब्द ती मोडत नाही. बाकी काही नको. तुमचा लेक रामिझ ईदला येतोय हे कळलं, त्याची गादी मी स्वतः भरतोय, खास पहिल्या वेचणीचा कापूस. तुमच्या गुडघ्यांना आराम पडो, दोन्ही.

तुमचा,
मुनीब (मिशी परत येतेय)

ता. क. पत्र तर लिहाच, पण खरं काम वेगळं आहे. रामिझबरोबर अगदी तश्शीच एक नळी पाठवा. चांदी, सोन्याचं कडं, गाठीवर पक्षी. हे पत्र पोचायला बारा दिवस, रामिझ निघणार तेविसाव्या रोज्याला, म्हणजे बसतं, पण पत्र हातात पडताच सोनाराकडं पळा. (उजव्या गुडघ्यानं पळा.) आणि एक बारीक गोष्ट. जुन्या नळीच्या कड्यावर डावीकडं वदादच्या दाताची खूण आहे, सफवान पायऱ्यांवरनं पडला तेव्हा दचकून चावली होती. तेव्हा नवी नळी कुणाकडून तरी जोरात चावून घ्या. डावीकडचा सुळा पाहिजे. रामिझला देऊ नका, त्याचे दात तुमच्यावर गेलेत, सरळ आहेत.

ता. क. दुसरा, रमजानचा आठवा. पाकीट चिकटवायचं राहिलं हे बरं झालं. काल संध्याकाळी दार वाजलं, उम्म गियास आत आली, आणि ओढणीच्या गाठीतून नळी काढून वदादपुढच्या ताटात ठेवली. म्हणाली, “घे बाई. ओढणीलाच अडकून आली होती. तूच खरी.” मी शेगडीकडं बघितलं. नळी शेगडीत. मी ताटाकडं बघितलं. नळी ताटात. सोन्याचं कडं तेच, तुकुमानचा पक्षी तोच. नुसती कोरी, जशी कुणी कधी ओठांना लावलीच नाही. मी यावर सगळी बुद्धी खर्च केली आणि एवढंच सुचतं की अबू गियासनं कधीतरी दमास्कसच्या बाजारात घेतली असणार. हल्ली तिथं तुकुमानचा मालही येतो वाटतं. वदादनं ती उचलली, कड्यावरनं जीभ फिरवली, दाताची जागा शोधली आणि नजवाकडं बघितलं. मग पाणी चढवलं. दोघी मत्ते प्याल्या. सुंठीवाचून खोकला गेला. नळी पाठवायची गरज नाही, चावायचीही नाही.

ता. क. तिसरा, त्याच दिवशी. खोकला गेला नाही. मी बर्नर करावा म्हणून एका विधवा बाईनं स्वतःला चोर म्हणवून घ्यावं? आज भर दुपारी दोघी रवा चोळत असताना मी हातोडी घेतली, कणकेचा दगड फोडला, तेलानं माखलेली नळी काढली आणि परातीशेजारी ठेवली. म्हणालो, ही वदादची. ही मी घेतली होती. सूर्यास्तापर्यंत. वदाद म्हणाली, “सहा दिवस मी हिला चोर म्हणत होते, आणि तुम्ही चण्याचा चुरा गाळत होता?” पुढचं लिहीत नाही, रोज्यात लिहू नये. उम्म गियासनं मात्र नळी उचलली, हुंगली आणि म्हणाली, “अय्या, हिला तर चटणी लावून खावं.” मग दोघी हसायला लागल्या, एकमेकींच्या अंगावर पडून, परात उलटेपर्यंत. शेगडी आता थंड आहे. नळी पुन्हा मिळणार नाही, असा हुकूम आहे. तेल गेलं, तूप गेलं, हाती वास राहिला.

(यापुढं वदादचा हात.)

भाऊ, तुला माझा जीवापासून सलाम. नजवाची नळी मी तिची तिला परत केली, घेत नव्हती, जबरदस्तीनं ओढणीत बांधली. एक्केचाळीस वर्षं तिनं ती कपाटात कोरी ठेवली, अबू गियासच्या घरात राहून एकदाही तोंडाला लावली नाही, आणि परवा माझा राग जावा म्हणून माझ्या ताटात आणून टाकली. माझ्या लग्नाच्या वर्षी तू दोन पाठवल्या होत्यास हे मला काल कळलं. गाढवा, नुसती नळी कसली पाठवतोस, बरोबर चिठ्ठी नको? ती वर्षभर चिठ्ठीची वाट बघत होती, मग लग्नाला हो म्हणाली. आता रामिझच्या हाती काही पाठवू नकोस. त्याच्याबरोबर स्वतः ये. मामूल आम्ही दोघी करतोय, खजूर ती भरतेय.

ता. क. शेवटचा. वर वदादनं काय लिहिलंय ते तिनं मला वाचू दिलं नाही, हातानं झाकून लिहिलं, आणि उम्म गियास शेजारी बसून उगीच लाल होत होती. शेगडीविषयी काही असेल तर अजिबात विश्वास ठेवू नका. ती उत्तम जळत होती.